हरलेल्या संघाला घरची वाट हवी

पोलादपूरहून पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याशी आमची वाडी. 2025 साली गणपती 27 ऑगस्टला, बुधवारी बसले. लालबाग-परळचे चाकरमानी आदल्या रात्रीपासून एसटीने उतरत होते. ओटीवर चटया पडल्या आणि वर्षभर बंद असलेल्या घरांतून धूर निघू लागला. तिसऱ्या दिवशी, 29 ऑगस्टला, विशाखापट्टणममध्ये प्रो कबड्डीचा 12वा हंगाम सुरू झाला. संध्याकाळची आरती उरकून वाडीतली निम्मी माणसं आमच्या ओटीवर टीव्हीसमोर येऊन बसली.

माझे वडील 1974 साली, अठराव्या वर्षी मुंबईला गेले. लालबागच्या चाळीतली गावकीची खोली, गोदीतली नोकरी आणि रविवारी मैदानावरची कबड्डी यांत त्यांची चाळीसेक वर्षं गेली. 2016 साली निवृत्त होऊन ते वाडीत परतले. प्रो कबड्डीतला यू मुंबा असो की मुंबईचा दुसरा कुठलाही संघ, तो हरला की त्या रात्री त्यांना जेवण जात नाही. माझी मुलगी महाडला शिकते आणि कॉलेजच्या संघात डावा कोपरा सांभाळते. हरणाऱ्या संघावर जीव का लावायचा, हा तिचा प्रश्न. जीव लावायला संघ जिंकलाच पाहिजे का, हा त्यांचा. त्या रात्री दोघांचं जे बोलणं झालं, ते इथे लिहिलं आहे.

नात : आजोबा, आता सोडा ना यू मुंबाला. दहा वर्षं झाली. 23 ऑगस्ट 2015 नंतर करंडक नाही.

आजोबा : तारीख तुला पाठ आहे, बाय. म्हणजे तूही सोडलेलं नाहीस.

नात : कशी विसरेन? नऊ वर्षांची होते. तुमचा हात धरून वरळीच्या स्टेडियममध्ये आले होते. बेंगळुरू बुल्सला 36-30 ने हरवलं आपण. अनुप कुमार बोनस घ्यायचा तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहायचं. पहिल्या तिन्ही हंगामांत आपण अंतिम सामना खेळलो. 2014 ला जयपूरकडून हरलो, 2015 ला जिंकलो, 2016 च्या मार्चमध्ये पाटण्याकडून 31-28 ने हरलो, तीन गुणांनी. तेव्हा वाटायचं, हा संघ असाच राहणार.

आजोबा : मलाही तसंच वाटायचं.

नात : मग पुढे काय झालं ते बघा. 2021-22 च्या हंगामात बारा संघांत दहावे. त्यानंतर नववे. त्यानंतर पुन्हा दहावे. सलग तीन हंगाम बाद फेरीचं दारसुद्धा दिसलं नाही. 2024 ला कसेबसे बाद फेरीत पोचलो आणि पाटण्याने पहिल्याच सामन्यात बाहेर काढलं. आणि तुम्ही दर वर्षी त्याच आशेने टीव्हीसमोर बसता. माझा जीव तुटतो तुमच्याकडे बघून.

आजोबा : माझ्याकडे बघून तुटायला नको. हरण्याची मला सवय आहे. 1991 च्या मे महिन्यात मी वानखेडेवर होतो. रणजीचा अंतिम सामना, समोर कपिल देवचा हरियाणा. मुंबईला शेवटच्या दिवशी 355 धावा हव्या होत्या. सचिन तेंडुलकर तेव्हा अठरा वर्षांचा. त्याने 96 केल्या. दिलीप वेंगसरकर एका बाजूने लढत राहिला, 139 वर नाबाद. शेवटचा गडी कुरुविल्ला धावबाद झाला तेव्हा दोन धावा कमी पडल्या होत्या. वेंगसरकर मैदानातच रडला. आम्ही गोदीतली चार माणसं चर्चगेटपर्यंत चालत आलो, कुणी कुणाशी बोललं नाही. मुंबईने रणजी 42 वेळा जिंकली आहे, गो. त्यातले किती सामने माझ्या डोळ्यांपुढे उभे राहतात? फार थोडे. ही हार मात्र चौतीस वर्षांनंतरही चेंडू-चेंडू सांगू शकतो.

नात : तेच म्हणते मी! त्या हरण्याचं तुम्हाला दुःख झालं, कारण ती माणसं तुमची होती. वेंगसरकर दादरला खेळत मोठा झाला. सचिन शिवाजी पार्कचा. हरले तर पुढच्या वर्षी तेच परत मैदानात उतरणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. इथे काय आहे? 2018 ला चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबात आला. पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेच्या वर गुण. महाडला आमच्या शाळेच्या पटांगणात सगळी पोरं त्याच्यासारखी चढाई करायला बघत होती. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना नेलं. आम्ही त्याचं नाव लिहिलेल्या जर्सी घालून बसलो, आणि तो समोरच्या बाजूने चढाईला आला. आता हरल्याचं दुःख कुणासाठी करायचं, सांगा.

आजोबा : त्या पोराला 1 कोटी 45 लाख मिळाले, याचा तुला आनंद नाही झाला?

नात : झाला. का नाही होणार? शेतकऱ्याच्या घरचा आहे.

आजोबा : मग दोन्ही गोष्टी एकत्र धर. 2014 च्या पहिल्या लिलावात सगळ्यांत महागडा खेळाडू राकेश कुमार, त्याला 12 लाख 80 हजार मिळाले. आपला खेळ त्या भावाने सुरू झाला आणि पाच वर्षांत कोटीच्या वर गेला. माझ्या काळात चांगला खेळणारा मुलगा काय मागायचा? गोदीत, रेल्वेत, बँकेत, कुठेतरी खेळाच्या कोट्यातून चिकटवा, एवढंच. गुडघा गेला की खेळ संपला आणि नोकरी राहिली तर नशीब. ज्या लिलावाने तुझा चढाईपटू नेला, त्यानेच कबड्डी खेळणाऱ्याच्या घरात पैसा आणला.

नात : पण मग शहराचं नाव कशाला लावायचं? कंपनीचं नाव लावा आणि खेळा. मुंबई म्हटलं की आमच्यासारखी माणसं फसतात. अनुप कुमार हरियाणाचा, सुरेंदर नाडा हरियाणाचा, मोहित छिल्लर उत्तरेचाच, पुढे कर्णधार झालेला फझल अत्राचली तर इराणचा. मुंबई आहे कुठे त्यात?

आजोबा : आणि मी कुठला, गो?

नात : म्हणजे?

आजोबा : मी या वाडीतला. लालबागला उतरलो तेव्हा मुंबईने माझा जन्मदाखला मागितला नाही. गावकीच्या खोलीत आम्ही वीस-बावीस जण. अंथरूण टाकायला जागा नव्हती, पाळ्यांनी झोपायचो. गिरणीत, गोदीत, हॉटेलात कामाला लागलो, आणि हळूहळू मुंबई आमची झाली. अनुप गुरुग्रामजवळच्या पालडा गावचा. शेतात खेळून वर आला. वरळीला मुंबईची जर्सी घालून तो शांतपणे बोनस घ्यायचा, तेव्हा मला त्याच्यात आमच्या खोलीतलाच एखादा दिसायचा. या शहरात माणूस जन्माने मुंबईकर ठरत नाही. तो तिथे राहतो, राबतो, म्हणून ठरतो.

नात : हे मान्य. पण तुम्ही मुंबईत राहिलात म्हणून मुंबईकर झालात. चाळीस वर्षं राहिलात. आता मला एक सांगा, यंदा यू मुंबा मुंबईत किती सामने खेळणार आहे?

आजोबा : …

नात : एकही नाही. यंदाची लीग विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत आहे. गेल्या वर्षी हैदराबाद, नोएडा, पुणे. लागोपाठ दुसरं वर्ष, मुंबईचा संघ मुंबईत एकही सामना खेळत नाही. 2021-22 ला कोरोना होता, सगळे सामने बेंगळुरूत बंद दाराआड झाले, ते समजू शकते. आता काय कारण? बघा ना या ओटीवर. लालबागहून आलेली पंधरा माणसं बसली आहेत. ती मुंबईत असती तरी सामना टीव्हीवरच बघणार होती. तुम्ही म्हणता माणूस राहतो म्हणून मुंबईकर होतो. हा संघ मुंबईत राहतच नाही, आजोबा. नुसतं नाव तिथे राहतं.

(इथे ओटीवरची चुळबुळ थांबली. वडील थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले.)

आजोबा : हे मात्र तू खरं बोललीस. मलाही हेच लागतं, पण मी ते हरण्याच्या खाती टाकत होतो. हरल्याचं वाईट वाटतं असं म्हणत होतो, आणि खरं दुःख हे की हरून ते घरी येतच नाहीत.

नात : आपल्याकडे शिमगा झाला की भाताच्या कापलेल्या शेतात सामने होतात. वाघजाईच्या, भैरीच्या नावाने संघ उतरतात. जो हरतो, त्याला त्याच रात्री टेम्पोत बसून आपल्या गावात शिरावं लागतं. पारावर माणसं बसलेली असतात. कुणी विचारतं, तिसऱ्या चढाईला तो आत गेलाच का? कुणी म्हणतं, कोपऱ्याने पाय आधी टाकला. चार शिव्या बसतात आणि मग कुणाची तरी आई भाकरी वाढते. हे मी भोगलं आहे. मागच्या वर्षी आम्ही दोन गुणांनी हरलो, माझी पकड सुटली म्हणून. रात्री बाराला महाडला पोचलो. सरांनी एक शब्द काढला नाही, सकाळी सहाला मैदानावर बोलावलं आणि तीच पकड शंभर वेळा करून घेतली. हरलेल्या संघाला अशी घरची वाट हवी. यू मुंबाला ती नाही.

आजोबा : म्हणून त्यांना टाकायचं?

नात : निदान जाब तरी विचारायचा. तुम्ही कधी विचारत नाही. गप्प बसून सोसता.

आजोबा : जाब विचारणं आणि अपमान करणं यांत फरक आहे. 2024 च्या एप्रिलमध्ये वानखेडेवर काय झालं, बघितलंस ना? मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं, आणि लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. संघ त्या वर्षी दहावा, शेवटचा आला. दोन महिने गेले. हार्दिकने बार्बाडोसला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकलं आणि भारत जिंकला. 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयजयकार झाला. माणूस तोच आणि मैदानही तेच. एप्रिलमधली ती हुर्यो कुणाच्या अंगाला लागली? मला तरी त्या रात्री मुंबईकर म्हणून लाज वाटली होती.

नात : मला नाही वाटली. हुर्यो चुकीच्या माणसाची झाली, एवढंच. कर्णधार बदलण्याचा निर्णय त्याने घेतला नव्हता. लोकांचा राग खरा होता, पण ज्यांनी निर्णय घेतला ते मैदानावर नसतात, म्हणून जो समोर सापडला त्याच्यावर निघाला. यू मुंबाच्या बाबतीत तर राग काढायलाही कुणी समोर येत नाही.

आजोबा : मग तू कुणाची बाजू घेणार? पुण्याची?

नात : का नाही? पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला होती. मग त्यांनी पोरं घडवली. अस्लम इनामदार नगर जिल्ह्याचा, आकाश शिंदे नाशिकचा. 2022 ला अंतिम सामन्यात हरले, पुढच्या हंगामात 1 मार्च 2024 ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सवर 28-25 ने जिंकले. अस्लम कर्णधार होता. तळापासून वर यायला नऊ-दहा वर्षं लागली, पण ती पोरं एकत्र राहिली. मला हे आवडतं.

आजोबा : मलाही आवडतं. त्या रात्री मीही टाळ्या वाजवल्या. पण बाय, पुणे तळाला होतं तेव्हा ज्यांनी साथ सोडली नाही, त्या माणसांचाच तो करंडक. आपण आज तिकडे गेलो तर पाहुणे म्हणून जाऊ.

नात : माझी अडचण याहून वेगळी आहे, आजोबा. तुम्हाला हरणारा का होईना, संघ तरी आहे. मला काय आहे? मी कोपरा खेळते. मला भारताकडून खेळलेल्या अभिलाषा म्हात्रेसारखं खेळायचं आहे. 2016 ला मुलींची एक स्पर्धा पुरुषांच्या हंगामाबरोबर झाली होती. तीन संघ होते : आइस दिवाज, फायर बर्ड्‌स, स्टॉर्म क्वीन्स. एकाच्याही नावात गाव नाही, शहर नाही. एक हंगाम झाला आणि बंद. आपल्या मुलींनी 2010 ला आशियाई सुवर्ण जिंकलं, 2014 ला जिंकलं, 2018 ला इराणकडून हरल्या, पुढच्या वेळी परत सुवर्ण आणलं. त्यांच्यासाठी ओटीवर बसून कुणी हळहळत नाही, कारण त्यांच्या नावाने हळहळायला शहराचा संघच नाही. हरायलासुद्धा संघ लागतो, आजोबा.

(यावर वडिलांनी लगेच उत्तर दिलं नाही. आई आतून चहा घेऊन आली. वाडीतल्या बाल्या नाचाच्या मंडळाचा ढोल खालच्या घरातून ऐकू येत होता.)

आजोबा : 2021 च्या जुलैमध्ये सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा तुझ्या कबड्डी मंडळाच्या बक्षिसाच्या ढाली वाहून चालल्या होत्या ना?

नात : हो. 22 जुलैला. खोलीत छातीभर पाणी होतं. दोन दिवसांनी आम्ही मुलींनी चिखलातून एकेक ढाल शोधून काढली. पंधरा दिवस महाडात पिण्याचं पाणी मोजून मिळत होतं, तरी त्या विहिरीवर नेऊन धुतल्या.

आजोबा : किती होत्या?

नात : अकरा.

आजोबा : त्यातल्या विजेतेपदाच्या किती?

नात : …दोन.

आजोबा : बाकीच्या नऊ का धुतल्यास मग?

नात : कारण त्या आमच्या होत्या. प्रत्येकीत आमच्यातलं कुणी ना कुणी खेळलेलं होतं. कुठली कशी हरलो ते आम्हाला माहीत होतं.

आजोबा : मी पन्नास वर्षं तेच करतोय, बाय. हरलेल्या ढाली धुऊन ठेवतोय.

नात : फरक एवढाच आहे की आमच्या ढाली आमच्या खोलीत आहेत. तुमची मात्र तुमच्या घरी कधी येतच नाही.

आजोबा : मग ती घरी यावी म्हणून मी भांडेन. तू शिकव कसं भांडायचं ते. पण संघ सोडायला सांगू नकोस.

नात : बरं. सोडायला नाही सांगत. पण या शिमग्याला वाडीच्या सामन्यांत मुलींचा गट ठेवायचा, आणि तुम्ही मंडळाच्या बैठकीत ते बोलायचं. कबूल?

आजोबा : कबूल. बक्षीसही सारखंच ठेवायचं.

त्या रात्री बोलणं इथे थांबलं. 31 ऑक्टोबरला दिल्लीत हंगाम संपला. अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला 31-28 ने हरवलं. म्हणजे मुलगी ज्या संघाचं उदाहरण देत होती, तोही शेवटच्या तीन गुणांत कमी पडला. तिचा महाडहून फोन आला तो वडिलांनाच. दोघं वीस मिनिटं त्या शेवटच्या चढायांवर बोलत होते. मुंबई-पुणे हा विषय एकदाही निघाला नाही.

त्या दोघांमध्ये बसून मला जे पटलं ते लिहितो. संघ हरतो म्हणून चाहता दुरावत नाही. महाड-पोलादपूरच्या माणसांना हार नवी नाही. पूर येतो, दरड कोसळते, माणसं पुन्हा उभी राहतात. खेळात तीन गुणांनी हरण्याने अशी माणसं मोडत नाहीत. चाहता दुरावतो तो संघ हरून कुणापुढेच उभा राहत नाही तेव्हा, आणि ज्या शहराचं नाव तो लावतो त्या शहराच्या मैदानात तो उतरत नाही तेव्हा. वडिलांची निष्ठा मला खरी वाटते आणि मुलीचा जाबही तितकाच खरा वाटतो. निष्ठा नसेल तर जाब विचारायचा हक्क उरत नाही, आणि जाब विचारला नाही तर निष्ठेचा फायदा दुसरेच घेतात.

म्हणून लीग चालवणाऱ्यांकडे आणि यू मुंबाच्या मालकांकडे आमचं एवढंच मागणं आहे. करंडक मिळेल तेव्हा मिळेल. पुढच्या हंगामात मुंबईचे सामने मुंबईत होऊ द्या. हंगामाबाहेरच्या दिवसांत दोन दिवस काढून खेळाडूंना महाडला, पोलादपूरला, रोह्याला, चिपळूणला आणा. ज्या मातीतून चढाई आणि पकड मुंबईत गेली, त्या मातीत त्यांना उभं करा. आणि मुलींचे संघ शहरांच्या नावांनी उभे करा.

आणि वाचकहो, आपल्या गावच्या मंडळाची बैठक होईल तेव्हा मुलींच्या गटाचा विषय तुम्हीच काढा. तो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. आमच्या वाडीत या शिमग्याला चार संघ मुलांचे आणि चार मुलींचे उतरणार आहेत. दोन्हींना बक्षीस सारखंच आहे.